पवित्राचा पोपटी आणि नागराजण्णांची देवी

पवित्राला रंग दिसेनासे झाले, ही बातमी आमच्या चामराजपेटच्या गल्लीत सकाळच्या दुधाआधी पोचली. दूधवाल्यानेच ती आणली असं शेजारची अंबुबाई म्हणते. अंबुबाईनेच ती आपल्या हातात दिली असं दूधवाला म्हणतो. दुपारपर्यंत बातमीला हातपाय फुटले. कुणी म्हणालं, डाव्या डोळ्याने दिसत नाही. कुणी म्हणालं, दोन्ही डोळ्यांनी नुसतं करडं दिसतं. भाजीच्या गाडीशी उभ्या असलेल्या एकीने तर पवित्राने काल टोमॅटो आणि वांगी एकाच पिशवीत घातली, हा पुरावाच सादर केला. जसं काही बाकीच्या बायका टोमॅटोसाठी वेगळी पालखी आणतात.

खरं सांगायचं तर पवित्राला रंग दिसत होते, आणि नको तेवढे दिसत होते. बातमी कानावर आल्यावर ती स्वतःच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांच्या पुस्तकातल्या रंगीत ठिपक्यांत लपलेले सगळे आकडे तिने धडाधड वाचून दाखवले आणि उठता उठता, "पडद्याचा खिडकीकडचा कोपरा उन्हाने उडालाय, फिरवून लावा," असा सल्लाही दिला. डोळे ठणठणीत होते. बिघडलं होतं ते दुसरीकडेच. पण कुठे, ते कळायच्या आधी घरातले रंगाचे हंडे मोडीत काढायची भाषा सुरू झाली होती.

हे घर रघुजी रंगाऱ्यांचं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मराठी घराचा मूळपुरुष म्हणे शहाजीराजांच्या फौजेबरोबर इथे कन्नड मुलुखात आला. तेवढी सगळी माणसं खरंच फौजेत असती, तर समोरच्या बाजूला लढायला कोण उरलं असतं, हे कुणी विचारत नाही. रघुजींचा दावा त्या मानाने साधा. "फौज पुढे गेली, आम्ही तिचे कपडे रंगवायला मागे राहिलो," एवढंच ते म्हणतात. घराच्या मागच्या पडवीत चुलाणांवर तांब्याचे हंडे. रेशमाच्या लड्या काठीवर घालायच्या, कढत रंगात फिरवायच्या, पिळायच्या आणि सावलीत वाळवायच्या, हा पिढीजात धंदा. रघुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तसं हे काम पवित्राकडे आलं. आलं म्हणजे तिने ओढून घेतलं.

"बाईमाणसाने हंड्यापाशी उभं राहायचं?" रघुजी म्हणाले.

"सैपाकघरात उभं राहिलेलं चालतं ना आप्पा? मग ही पडवी काय वेगळ्या गावात आहे?"

तिचं बोलणं हे असं. पस्तिशीला आली तरी लग्न नाही, हा तर गल्लीचा जिव्हाळ्याचा विषय. स्थळं आली नाहीत असंही नाही. एक चांगला नोकरदार मुलगा पाहून गेल्यावर अंबुबाईने कसा वाटला म्हणून विचारलं, तर ही म्हणाली, "माणूस बरा आहे, पण रंग पक्का वाटत नाही. एकदा धुवून बघायला पाहिजे." हे त्या मुलापर्यंत कसं पोचलं देव जाणे. अंबुबाईला मात्र त्या दिवशी त्या बाजूला काम निघालं होतं एवढं खरं.

तर, गेल्या सालची, शहाण्णवची गोष्ट. रघुजींच्या हंड्यांना सगळ्यात जास्त रेशीम यायचं ते चिकपेटेतल्या नागराजण्णांच्या साडीच्या दुकानातून. नागराजण्णांचं मराठी गिऱ्हाइकांकडून उचललेलं, त्यामुळे त्यात भाव कमी करायला नकार देण्याची वाक्यं फार. त्यांना एकाच गोष्टीचा वीट आला होता, रंगांच्या नावांचा. विणकराचा मोरपंखी वेगळा, रंगाऱ्याचा वेगळा आणि नवरीच्या आत्याचा तर तिसराच. रोज कुणीतरी लडी नाकापुढे नाचवत भांडायचं. शेवटी त्यांनी दुकानात कंप्युटर आणला. साडीचं चित्र पडद्यावर काढायचं, गिऱ्हाईक बोट दाखवेल तो रंग भरायचा आणि रंगाऱ्याने येऊन तो बघून जायचा.

"आता नाव घ्यायचं नाही," त्यांनी पवित्राला बजावलं. "पोपटी नाही, शेवाळी नाही. इथे दिसतंय तसं पाहिजे, बस्स. बोम्मसंद्र्याला नवा कारखाना झालाय, यंत्रावर रंगवतात. ते तयार आहेत. तू नमुन्याचं रेशीम करून आण. जुळलं तर लग्नसराईचं सगळं काम तुला, नाही तर त्यांना."

ह्या एका वाक्यावर पडवीतले हंडे टांगणीला लागले. नागराजण्णांचं रेशीम बंद झालं, तर चुलाणं पेटवण्याइतकंही काम उरणार नव्हतं.

पवित्रा दिवसभर हंड्यांशी अडकलेली, त्यामुळे ती दुकानात जायची ते दिवेलागणीला. पडद्यावर साडी होती. हिरवी, पण दबलेली, आडाच्या आतल्या कडेला असते तशी. तिने डोळे बारीक करून बघितलं, मान तिरकी करून बघितलं, ओढणीच्या टोकाने काच पुसून बघितली. रंग डोक्यात घट्ट बसवला, घरी आली आणि तो काढला. एवढा हुबेहूब काढला, की लड्या वाळत घालताना तिला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागराजण्णांचा माणूस लड्या घेऊन गेला आणि तसाच परत घेऊन आला. सोबत निरोप होता. "पोपट मागितला होता, शेवाळ आलंय."

बातमी सुटली ती इथून.

पवित्राला राग आला. ती संध्याकाळी पुन्हा दुकानात गेली, पुन्हा बघितलं. पडद्यावर शेवाळीच होता. नागराजण्णा गिऱ्हाइकात गुंतलेले, त्यांच्याशी बोलणं झालं नाही. ती घरी येऊन रघुजींना म्हणाली, "त्यांचेच डोळे गेलेत. मी बघून आले ना."

"स्वल्प दम धर," रघुजी म्हणाले. "आधी चिमूटभर धागा रंगव, तो नेऊन दाखव. मग लड्या बुडव."

"नमुना कशाला? मला दिसतंय आप्पा."

हा तिचा दोष. राग आला की ती हंड्याची आच वाढवते. धाग्याचा नमुना न काढता तिने दुसरी खेपही पुरी रंगवली, पहिलीपेक्षाही हुबेहूब शेवाळी. आणि ह्या वेळी कुणाच्या हाती न देता, भर दुपारी स्वतः घेऊन गेली, भांडायच्या पूर्ण तयारीने. वाटेत बसमध्ये तिने पहिली चार वाक्यं पाठसुद्धा केली होती.

त्यातलं एकही वाक्य तिला बोलता आलं नाही. पडद्यावरची साडी पोपटी होती. कोवळी, लखलखीत, कच्च्या कैरीच्या सालीसारखी. आणि हातातली लडी शेवाळी.

नागराजण्णांनी लडी घेतली, पडद्याशेजारी धरली, परत दिली. ओरडले असते तर बरं झालं असतं. "अक्का," ते हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या वडलांचं बघून मी दोन वेळा दिलं. आता मला कारखान्याला फोन करायला पाहिजे."

पवित्रा गादीच्या कडेला टेकली. डॉक्टर काहीही म्हणोत, आपल्या डोळ्यांत काहीतरी गेलंय, असं तिला पहिल्यांदा वाटलं. आप्पांच्या डोळ्यांवर पडदा आला, माझ्यावर त्याहून लवकर आला. आता घरी जाऊन हंडे घासून ठेवायचे, एवढंच. कुणीतरी कॉफी आणून ठेवली. ती निवून गेली. गिऱ्हाइकं आली, गेली. उठून जायला हवं हे कळत होतं, पण रिकाम्या पडवीत जायला मन होत नव्हतं.

बाजूला पुण्याहून आलेला अभिमन्यू प्रिंटर उघडून बसला होता. कंप्युटर विकणारा तोच, बिघडला की येऊन शिव्या खाणाराही तोच. ह्या बाईकडे अधूनमधून बघत तो एकच स्क्रू काढत होता आणि लावत होता.

दिवेलागण झाली. नागराजण्णांनी समई लावली. उदबत्ती पेटवून आधी गल्ल्याला ओवाळली, मग तराजूला, मग कंप्युटरला. कंप्युटरवर कोपऱ्यात देवीचा फोटो एका छोट्या खिडकीत उघडून ठेवलेला असायचा. दिवसभर तो साडीच्या चित्रामागे अर्धा झाकलेला. आता नागराजण्णांनी माऊस धरला, देवीवर टिचकी मारून तिला पुढे आणलं आणि हात जोडले. दुकान बंद होईपर्यंत देवी अशीच पुढे ठेवायची, हा त्यांचा नेम.

आणि पवित्राच्या डोळ्यांदेखत मागची साडी बदलली. पोपटी गेला, शेवाळी आला. तिच्या लडीचाच.

"अण्णा, आत्ता काय केलंत?"

"दिवा लावला."

"त्यानंतर?"

"नमस्कार केला."

"मधे. माऊसने काय केलंत?"

"देवीला पुढे आणलं. रोजच आणतो."

"मागे न्या बरं."

नागराजण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. संध्याकाळच्या वेळी देवीला मागे न्या म्हणणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. शेवटी अभिमन्यूनेच उठून साडीवर टिचकी मारली. साडी पोपटी. देवीवर मारली. साडी शेवाळी. पोपटी, शेवाळी, पोपटी. साडी पुढे आली की देवीचा शालू मात्र मातकट दिसायचा.

अभिमन्यूने कपाळाला हात लावला. "पॅलेट. ॲक्च्युअली ही माझीच सेटिंग आहे, पवित्राताई. अण्णांना पदरापासून काठापर्यंत अख्खी साडी पडद्यावर हवी होती, म्हणून मी पडदा मोठा ठेवला, म्हणजे जास्त ठिपक्यांचा. मोठा ठेवला की रंग कमी होतात."

"ते कसं? नीट सांग. माझं घर जायला आलंय."

अभिमन्यू तिच्यासमोर मांडी घालून बसला. "पडद्यावरचं चित्र म्हणजे ठिपके. आडवे हजारावर, उभे साडेसातशेवर. मिळून झाले जवळजवळ आठ लाख. प्रत्येक ठिपक्याचा रंग आतल्या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत लिहून ठेवावा लागतो. आणि ह्या कार्डात अशी घरं, म्हणजे कप्पे, आहेत दहा लाखांच्या थोडी वर. मग एका ठिपक्याला किती घरं येणार?"

"एकच."

"बरोबर. आणि एका घरात मावतो एक आकडा, शून्य ते दोनशे पंचावन्न. एवढ्याशा जागेत रंगाचं सगळं वर्णन बसत नाही. म्हणून तिथे रंग लिहितच नाहीत. नुसता नंबर लिहितात. खरे दोनशे छप्पन्न रंग एका वेगळ्या तक्त्यात असतात, तेच पॅलेट. ठिपका म्हणतो, मी सदतीस. कार्ड तक्त्यात सदतीस नंबरला काय आहे ते बघतं आणि तो रंग पडद्यावर सोडतं."

पवित्राच्या डोळ्यांपुढे घराची पडवी आली. पण दोनशे छप्पन्न हंड्यांची, पार म्हैसूर रोडपर्यंत लांबलेली.

"म्हणजे लडी कोरीच आहे," ती सावकाश म्हणाली. "तिला नुसता बिल्ला बांधलाय, सदतीस नंबरचा हंडा. आणि मधेच कुणी त्या हंड्यातला रंग ओतून दुसरा भरला तर?"

"तर बिल्ला तोच राहतो आणि लडी दुसऱ्या रंगाची निघते. जी खिडकी पुढे, तिचा मान पहिला. देवी पुढे आली की देवीच्या फोटोचे रंग हंड्यांत भरतात. मागच्या चित्राला मग भरलेल्यातला जवळपासचा जो मिळेल तो."

"आणि देवीच्या फोटोत काय आहे? कुंकू, हळद, सोनं. हिरवं म्हणाल तर मागचं ते एक झाड."

"त्याचाच रंग तुमच्या साडीला आला."

नागराजण्णा इतका वेळ उदबत्ती हातात धरून ऐकत होते. राख त्यांच्या बोटावर पडली. "म्हणजे देवीने साडीचा रंग घेतला?" त्यांनी काळजीने विचारलं.

"देवीने काही घेतलं नाही अण्णा," पवित्रा म्हणाली. "देवीला पुढे बसवून तुम्ही मला संध्याकाळी रंग दाखवलात आणि मागे बसवून दुपारी माझी लडी बघितलीत. दोन वेळचे दोन रंग. मी दोन्ही खेपांना तुम्ही दाखवला तोच आणला." आणि मग, जरा थांबून, "पण धाग्याचा नमुना दाखवायला हवा होता. ते माझं चुकलं. आप्पांनी सांगितलं होतं."

ती चूक कबूल करताना गल्लीतलं कुणी तिथे नव्हतं, हे आमचं दुर्दैव.

"हंडे काढूनच टाकता येणार नाहीत का?" तिने अभिमन्यूला विचारलं. "प्रत्येक ठिपक्याला त्याचा स्वतःचा रंग?"

"येतील ना. एका ठिपक्याला दोन घरं द्यायची. मग नंबर नाही, रंगच लिहिता येतो. लाल किती, हिरवा किती, निळा किती. लालच्या बत्तीस पायऱ्या, निळ्याच्या बत्तीस, हिरव्याच्या चौसष्ट. सगळे मिळून पासष्ट हजारांवर रंग."

"हिरव्याला जास्त का?"

"डोळ्याला हिरव्यातला बारीक फरक जास्त कळतो म्हणून."

"हे ज्याने ठरवलं त्याच्या घरी कुणीतरी रंगारी असणार. माझी अर्धी भांडणं हिरव्यावरूनच होतात. आणि पिवळा कुठाय तुमच्यात?"

"लाल आणि हिरवा मिळून."

"माझ्या हंड्यात लाल आणि हिरवा मिळून चिखल होतो."

"तुमचा रंग भिजतो, ताई, आमचा उजेड आहे. उजेडाचं गणित वेगळं."

"असू दे. दोन घरं दे."

"देतो. पण घरं तेवढीच आहेत. प्रत्येकाला दोन दिली तर ठिपके कमी मावतील, पाच लाखांच्या आतबाहेर. तोच पडदा कमी ठिपक्यांनी भरायचा, म्हणून चित्रातलं सगळं मोठं दिसेल आणि पदर पडद्याबाहेर जाईल."

इथे नागराजण्णा अडले. अख्खी साडी दिसावी म्हणून तर त्यांनी हे प्रकरण दुकानात आणलं होतं. त्यांनी डोकं हलवलं, कन्नडमध्ये स्वतःशीच काहीतरी म्हणाले, पुन्हा डोकं हलवलं.

"अण्णा," पवित्रा म्हणाली, "अख्खी साडी बाई नेसून आरशात बघेल. पडद्यावर तुम्हाला काय हवंय, लांबी की रंग? लांबी मोजायला तुमच्याकडे गज आहे."

नागराजण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग फोनकडे. "सरी," त्यांनी कन्नडमध्येच होकार दिला. "एक खेप अजून. शेवटची."

अभिमन्यूने सेटिंग बदलली, कंप्युटर बंद करून चालू केला. चित्र फुगल्यासारखं मोठं झालं, पदर गेला. पण साडी पोपटी आणि देवीचा शालू लालभडक, दोन्ही एकाच वेळी. कुणालाही पुढे आणा, कुणाचाच रंग हलेना. नागराजण्णांनी तीनदा टिचकी मारून खात्री केली आणि तिन्ही वेळा देवीची क्षमा मागितली.

ह्या वेळी पवित्राने सगळं रीतसर केलं. आधी चिमूटभर धागा रंगवला. रघुजींना रंग धड दिसत नव्हता, पण हंड्याची वाफ नाकात गेली की आच किती हे त्यांना कळायचं. ते स्टुलावर बसून, "उतरव. अजून उतरव," एवढंच म्हणत राहिले. पहिला धागा जरा जास्त पिवळा आला, दुसरा थंड, निळसर आला, तिसरा तिने मुठीत धरून दुकानात नेला आणि पडद्याशी धरला. जुळला, पण पुरता नाही. पडदा आतून उजळतो, रेशीम बाहेरचा उजेड घेतं आणि वळवलं की दुसरंच दिसतं. हे कुठल्याच कार्डात बसणारं नव्हतं.

"पडद्यावर निवडायचं," ती नागराजण्णांना म्हणाली, "आणि पक्कं करायचं ते दारात. या बाहेर."

ते धागा घेऊन पायरीवर गेले. सकाळचं ऊन चिकपेटेतल्या दोन इमारतींच्या फटीतून तिरकं येत होतं. त्यांनी धागा बोटाला गुंडाळला, उजेडात धरला, सावलीत धरला. नवरीची आत्या योगायोगाने दुकानातच होती. तिने बघितलं आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "हाच. मी पहिल्या दिवसापासून हाच म्हणतेय."

लग्नसराईचं सगळं काम काही पवित्राकडे आलं नाही, ते सांगायला हवं. नाही तर गल्ली म्हणेल मी रंग चढवला. एकाच रंगाच्या मोठ्या लॉटचं काम बोम्मसंद्र्याला गेलं. पण त्या रंगाचा पहिला धागा काढून द्यायचा तो पवित्राने, आणि तिने पक्का केल्याशिवाय कारखान्याने हात लावायचा नाही, असं ठरलं. शिवाय लहान लॉट, काठाचं रेशीम आणि आत्यांची भांडणं सगळी तिच्याकडे. चुलाणं रोज पेटतात. अंबुबाईनेही बातमी सुधारून घेतली. आता ती सांगते, चिकपेटेत एक कंप्युटर आहे, त्यावर देवी पुढे आली की साडी रंग बदलते आणि ते पहिल्यांदा पवित्राला दिसलं. ह्या बातमीने दुकानातली गर्दी वाढली असं नागराजण्णाच सांगतात.

परवा अभिमन्यू रघुजींकडे कॉफीला आला होता. नवीन कार्ड येतंय म्हणाला, चौपट मेमरीचं. पडदा मोठा ठेवूनही प्रत्येक ठिपक्याला तीन तीन घरं देता येणार. लालच्या दोनशे छप्पन्न पायऱ्या, हिरव्याच्या तेवढ्याच, निळ्याच्या तेवढ्याच. सगळे मिळून एक कोटी सदुसष्ट लाखांवर रंग.

रघुजींच्या हातातला पेला अर्ध्यावर थांबला. "एवढे सगळे त्या डब्यातच असले," ते म्हणाले, "तर आपल्याला कोण विचारणार गं?"

पवित्रा हंड्यातली लडी फिरवत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"येऊ देत की आप्पा. सगळेच्या सगळे दाखवून झाले, की बाई म्हणणार, 'ह्याच्यात स्वल्प फिका नाही का?' तो इथेच काढावा लागेल."